रुसूबाई अर्ध्या तळ्यात

६ फेब्रुवारी

जाऊबाई, नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. खुशाली एका ओळीत आटपली, आता रडगाण्याला लागते. पत्र तुमच्या नावाने असलं तरी ते भाऊजींना वाचून दाखवायचं आहे. काल फोनवर तुम्हीच म्हणालात की पत्र लिही, म्हणून लिहायला बसले. माझ्या बोटीचं इंजिन बंद पडतं.

तुम्ही बोट पाहिलेली नाही. लाकडी, लांबुळकी, डझनभर माणसं दाटीवाटीने बसतात. मागच्या टोकाला पेट्रोलवर चालणारं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन आहे, टाकी त्याच्याच डोक्यावर, दोरी ओढून सुरू करायचं. तुमचे धाकटे दीर जहाजाच्या भटारखान्यात, वर्षातून दोनदा घरी येतात. घर त्यांच्या पगारावर चालतं, पण बोट माझी. सकाळी तळ्याच्या पलीकडच्या काठावरून शाळेची मुलं इकडे आणायची, संध्याकाळी पोचवायची. मधल्या वेळात दूधवाली, मास्तरीणबाई, सुतार, ज्याला जायचं असेल तो.

यंदा थंडीत मी बोट खरवडून, घासून, अगदी नव्यासारखी केली आणि तेव्हापासून बाईसाहेबांना मिजास चढली आहे. काठावर सुरू केली की गुळगुळीत चालते. तळ्याच्या मध्यावर पोचली की गप्प. थोडा वेळ वल्ही मारायची, मग दोरी ओढली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मुलांनी तिचं नाव रुसूबाई ठेवलं आहे.

मुलं हसतात, पण त्यांच्या आया हसत नाहीत. एकाने तळ्यावर मोठी लाँच आणली आहे. मुलांची ने-आण माझ्याकडे ठेवायची की लाँचवाल्याकडे द्यायची, हे पलीकडची मंडळी १५ मार्चला बसून ठरवणार आहेत. मुलं गेली की बोट बांधून ठेवायची, दुसरं काय. जाऊबाई, लग्न झाल्यापासून मी अमक्याची बायको आणि तमक्याची सून होते. या बोटीमुळे लोक मला पहिल्यांदा 'बोटवाली' म्हणायला लागले. मला ते सोडायचं नाही.

इथे जवळपास मिस्त्री नाही. सायकलवाला आहे, तो इंजिनाला लांबूनच नमस्कार करतो. भाऊजींसारखा कान कोणाला आहे? मी नवी नवरी तुमच्याकडे आले होते तेव्हा रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, आणि भाऊजी ताटावरून मान वर न करता म्हणाले, 'हिचा टॅपेट ढिला आहे.' जेवणं उरकतात तोच ती मोटरसायकल ढकलत एक जण दारात हजर. मी सासरी सगळ्यात आधी घाबरले ती भाऊजींना, आणि सगळ्यात आधी मानलं तेही त्यांनाच. त्यांना म्हणावं, धाकटीची लाज राखा.

तुमची,
धाकटी

११ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. संध्याकाळी गॅरेजचं शटर ओढलं आणि यांच्यापुढे बसून सगळं वाचलं. फोन मात्र करत जाऊ नकोस. यांना हल्ली त्याचा आवाज सोसत नाही. शिवाय इंजिनाचं दुखणं घाईत सांगायची गोष्ट नव्हे. सवडीने लिही, आम्ही सवडीने वाचू.

हे म्हणतात, बंद पडून जरा थंड झालं की सुरू होतं, तर आधी प्लग बघावा. इंजिन गार असताना काढ. गरम असताना काढलास तर हातही भाजेल आणि आटेही मरतील. टोक बदामी रंगाचं असेल तर त्याचं पोट ठीक आहे. काजळी धरली असेल तर दात घासायचा जुना ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून घासून काढ. टोकाशी जी फट असते ती लग्नपत्रिकेचा जाड कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. परत बसवताना आधी हाताने फिरव, पाना शेवटी. आटे वाकडे गेले की इंजिन नाही, तू रडशील.

एकटीने बोट चालवतेस याचं यांना फार कौतुक वाटतं. मलाही वाटतं. मी तर पाण्यात घोटा बुडवायलाही घाबरते. मुलांच्या अंगात तरंगती जॅकेटं असू देत आणि वल्ही हाताशी ठेव. हे शेवटचं मात्र माझं सांगणं आहे.

थोरली

१५ फेब्रुवारी

जाऊबाई,

भाऊजींना साष्टांग नमस्कार. प्लग काढला तर तव्याच्या बुडासारखा काळा. सांगितलं तसं सगळं केलं. दात घासायचा ब्रश तुमच्या धाकट्या दिरांचा घेतला, ते जहाजावर आहेत तोवर त्यांना कळायचं नाही. काठाला बोट बांधून इंजिन सुरू केलं आणि शेजारी बसून निवांत चहा प्यायले. चहा संपला, कप विसळून झाला, इंजिन आपलं चालूच. मला इतका आनंद झाला की मी सायकलवाल्याला बोलावून दाखवलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी भरलेली बोट घेऊन निघाले तर अर्ध्या तळ्यात पुन्हा तेच. मुलं एका सुरात म्हणाली, 'रुसली.' मास्तरीणबाई बोटीत होत्या. त्या न बोलता एका वल्ह्याला बसल्या आणि मुलांना पाढे म्हणायला लावले, म्हणजे आमचे हात एका तालात पडावेत. सतराच्या पाढ्याला काठ आला. त्या हसत उतरल्या खऱ्या, पण त्यांच्या हाताला फोड आलेले मी पाहिले. परतीच्या वेळी इंजिन शहाण्यासारखं वागलं.

एक सांगू का, बोट बंद पडली तरी मला भाऊजींचं कौतुकच वाटत होतं. इतक्या लांबून, न बघता, प्लग काळा असणार हे त्यांनी ओळखलं. दुखणं दुसरं असेल, पण हेही होतंच ना. आता पुढे काय करू?

धाकटी

१९ फेब्रुवारी

धाकटे,

मास्तरीणबाईंना माझा नमस्कार सांग, आणि हाताला काहीतरी लावायला दे.

हे म्हणतात, काठावर चाचणी घेतलेलं इंजिन म्हणजे सासूसमोर वावरणारी सून. तिथे ते चांगलंच वागणार. खरं काय ते पाण्यात, भरल्या बोटीत. म्हणून आता कान उघडे ठेव आणि एवढंच बघ, बंद पडताना ते दिवा घालवल्यासारखं एकदम जातं, की आधी धापा टाकतं, आवाज वरखाली होतो आणि मग जातं? एकदम गेलं तर ठिणगीचा दोष. धापा टाकत गेलं तर त्याला पेट्रोल पुरत नाही.

पेट्रोल पुरत नसेल तर कार्ब्युरेटरच्या खाली वाटीसारखं भांडं आहे ते बघ. त्याचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घे आणि बाटली उजेडात धर. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसेल. आत पेट्रोल सोडणारी बारीक नळी असते, जेट म्हणतात, तिचं भोक केसाएवढं असतं. तिथे स्टोव्हची पिन घालायचा मोह होईल, घालू नकोस, भोक मोठं झालं की कायमचं वाटोळं. तोंडाने फुंकर मार, बास. आणि हे सगळं काठावर, विस्तवापासून लांब.

इकडे सगळं नेहमीसारखं. कामाला उसंत नाही.

थोरली

२४ फेब्रुवारी

जाऊबाई,

धापाच. मी इतके दिवस मुलांच्या कलकलाटात ऐकलंच नव्हतं. परवा सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि कान लावून बसले. आधी आवाज चढला, मग घसरला, पुन्हा चढला आणि मग गेला. वाटी काढली तर बाटलीच्या तळाला पाण्याचा टपोरा थेंब. मी तो मुलांना दाखवला, मास्तरीणबाईंना दाखवला, दूधवालीला दाखवला. सापडला चोर म्हणून गाजावाजा केला. त्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्या सुरळीत झाल्या.

काल वारा होता. परतीच्या फेरीला बोट अर्ध्यावर बंद पडली आणि वाऱ्याने लव्हाळ्यात नेऊन घुसवली. एक लहानगी घाबरून रडायला लागली, तिचं बघून बाकीची. सुतार बोटीत होते. पलीकडच्या मंडळींत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी वल्हं घेतलं, बोट बाहेर काढली, घाम पुसला आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाही. पण पोरं आहेत." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता मनातलं लिहिते, रागवू नका. तीन आठवडे झाले, भाऊजींनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली नाही. फोनवर येत नाहीत. बाईमाणसाने इंजिनाशी खेळू नये असं त्यांच्या मनात आहे का? तुम्ही मध्ये पडून गोड करून लिहिता आहात का? तसं असेल तर स्पष्ट कळवा. मी वाईट वाटून घेणार नाही असं लिहिणार होते, पण वाईट वाटेल. घरात मी ज्या एका माणसाला इतकं मानते त्यानेच मला मोडीत काढलं तर कोणाकडे बघायचं?

धाकटी

२८ फेब्रुवारी

धाकटे,

यांचा तुझ्यावर राग नाही. असला वेडेपणा मनात आणू नकोस.

हे म्हणतात, आता हे काम पत्राने होण्यासारखं नाही. दोनदा अंदाज चुकला आहे. शहरात जाऊन चांगला मिस्त्री गाठ आणि त्याला बोटीवर ने. तोवर मुलांना बसवू नकोस.

थोरली

४ मार्च

जाऊबाई,

तुमचं चार ओळींचं पत्र आलं आणि मी कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. तुम्ही अशा तोडून लिहिणाऱ्या नाही.

आमच्याकडे दर महिन्याला एक चष्मेवाला येतो. पेटीत चष्मे, पंधरा-वीस दिवस तुमच्या-आमच्या गावांतून ये-जा करतो, माझ्या बोटीतून पलीकडे जातो. काल तो बोटीत बसला आणि दूधवालीला रंगवून सांगायला लागला. मागच्या आठवड्यात तुमच्याच गावात त्याची स्कूटर बिघडली. एका गॅरेजमध्ये गेला. तिथे मिस्त्री खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, तोंडातून शब्द नाही. आणि त्यांची बायको स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून, डोळे मिटून ऐकत होती. तिने स्कूटर खोलली, आतली एक स्प्रिंग बदलली, जोडली आणि त्याला म्हणाली, 'हे म्हणतात, आता वर्षभर बघायला नको.' चष्मेवाला अख्ख्या बोटीला ऐकू जाईल असं हसून म्हणाला, "मी म्हटलं, हे तर काहीच म्हणाले नाहीत."

मी वल्हं पाण्यात तसंच धरून बसले होते. आधी भाऊजींसाठी रडू आलं. ते रडून झालं, मग तुमचा राग आला. एवढं झालं आणि आम्हाला कळवलं नाहीत. राग धरून मी तुमची सगळी पत्रं पुन्हा काढली आणि वाचता वाचता राग कुठे गेला कळलंच नाही. सासूसमोर वावरणारी सून म्हणे. भाऊजींनी जन्मात असलं वाक्य बोलायचं नाही. ते 'ठेव, बघतो' याच्या पुढे कधी गेलेत? लग्नपत्रिकेचा कागद, स्टोव्हची पिन, हे सगळं तुमचं. मला आधीच कळायला हवं होतं.

जाऊबाई, मी तीन आठवडे भाऊजींचं गुणगान करत होते आणि तुम्ही ते गपचूप त्यांच्या खाती टाकत होता. घर, दुखणं, गॅरेज, आणि वर माझी रुसूबाई. मी एक बोट चालवते तर सगळ्यांना सांगत फिरते.

शहरातला मिस्त्री म्हणाला, इंजिन सोडवून इकडे आणा, मग महिनाभराने बघू. माझ्याकडे अकरा दिवस आहेत. मुलांना सध्या बसवत नाही, ती लाँचमधून जातात. काठावर उभी राहून मी त्यांना हात करते. मला भाऊजींचं मत नको आहे. तुमचं हवं आहे. तुम्ही सांगाल ते मी करीन, आणि तुम्ही ठीक म्हणेपर्यंत एकाही मुलाला बोटीत पाय ठेवू देणार नाही.

धाकटी

७ मार्च

धाकटे,

त्या चष्मेवाल्याच्या जिभेला हाड नाही. त्याची स्कूटर मी पुन्हा दुरुस्त करणार नाही.

सहा महिने झाले. एका सकाळी हे उठले ते उजवी बाजू गेलेली आणि वाचा बसलेली. समजतं सगळं. बोलता येत नाही. कोणाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर सगळे धावत आले असते, डोळे पुसले असते, आणि जाता जाता गॅरेज विकून टाका म्हणाले असते. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून पार्ट धुतले, पाने हातात दिले. धुता धुता शिकले. पण गिऱ्हाईक मिस्त्रीकडे येतं, मिस्त्रीच्या बायकोकडे नाही. म्हणून 'हे म्हणतात.' ते अगदीच खोटंही नाही. मी प्रत्येक काम त्यांना सांगते. पटलं तर डोळे मिटतात, नाही पटलं तर भिंतीकडे बघतात. तुझी पत्रंही त्यांच्यापुढेच वाचली. तू त्यांच्या कानाची स्तुती केलीस तेव्हा माझ्याकडे असे बघत होते की मला पुढचं वाचवेना.

शेवटचं पत्र तसं का लिहिलं ते सांगते. मला भीती वाटली. स्कूटर बंद पडली तर माणूस ढकलत घरी जातो. तुझ्या बोटीत मुलं बसतात. त्या लव्हाळ्यातल्या मुलीचं वाचलं आणि हातातलं काम टाकून तुला मिस्त्री गाठ म्हणून लिहिलं. यांचं नाव पुढे होतं तोवर धीर होता, आता तू माझंच मत मागतेस.

तर घाबरत घाबरत एकच विचारते. इंजिन बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत तुझ्या हातांनी काय काय केलं ते लिही. डोक्यात काय आलं ते नको, फक्त हातांनी केलेलं. ओळीने, फालतू वाटलं तरी गाळू नकोस. आणि टाकीत पेट्रोल किती असतं तेही. उत्तर त्या चष्मेवाल्याच्याच हाती दे. जिभेला हाड नसलं तरी पायाला चाकं आहेत, टपालापेक्षा लवकर पोचेल.

थोरली

१० मार्च

जाऊबाई,

चष्मेवाला पेटी आवरतोय, घाईत लिहिते.

बंद पडलं की आधी हात पुसते. इंजिनाला शिव्या देते, पण त्या हाताने देत नाही म्हणून गाळते. प्लगची टोपी दाबून बघते, घट्ट असते. मग टाकीचं झाकण काढते आणि काडी बुडवून पेट्रोल बघते. झाकण जरा धरून बसतं, ओढून काढावं लागतं. पेट्रोल असतंच. झाकण घट्ट पिळून लावते. मुलांना मधोमध बसवते, वल्ही घेते. हात भरून आले की दोरी ओढते, ते सुरू होतं.

मुलांच्या फेरीला टाकी गळ्यापर्यंत भरते, पेट्रोल संपून बंद पडली असं कोणी म्हणू नये म्हणून. काठावरच्या चाचणीला तळाशी उरलेल्यावर भागवते, उगाच कशाला जाळायचं.

तुमची भीती मला समजते. मलाही तीच आहे. पण दोघींची मिळून एकच भीती आहे तर ती निम्मी तरी व्हायला हवी ना.

धाकटी

११ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वाचता वाचता उठून उभीच राहिले. हे खुर्चीत झोपले होते. त्यांना विचारायला थांबले नाही. मी म्हणते, झाकण.

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार गचके देत थांबते आणि दुसरं पाडलं की सरळ वाहते, ते रोज बघतेस की नाही? तुझ्या झाकणाचं भोक बुजलंय. टाकी गळ्यापर्यंत भरली की वर हवा थोडी, म्हणून मुलांच्या फेरीला लवकर दम लागतो. काठावर टाकी रिकामी, वर हवा भरपूर, म्हणून तिथे चालतं. आणि दर वेळी काडी बुडवायला झाकण काढलंस तेव्हा हवा आत गेली, तिथेच इंजिन बरं झालं. मग झाकण पिळून तू दुखणं पुन्हा आत बंद केलंस.

बोट नव्यासारखी केलीस म्हणाली होतीस. रंग दिलास का? झाकणालाही?

आता मी सांगते तसंच कर. मुलांऐवजी बोटीत वाळूची पोती भर, काठावरून तुझ्यावर लक्ष ठेवायला कोणी उभं कर. टाकी गळ्यापर्यंत भर. बंद पडलं की दुसऱ्या कशालाही हात न लावता फक्त झाकण सैल करून परत लाव, आणि दोरी ओढ. लगेच सुरू झालं तर तेच. मग काठावर येऊन, झाकण काढून घेऊन, भोक सुईने मोकळं कर. झाकण सैल ठेवून बोट हाकू नकोस, पेट्रोल सांडेल. नंतर भरल्या टाकीने पोत्यांसकट फेऱ्या मार, तुझा स्वतःचा विश्वास बसेपर्यंत. तो बसला की मग मुलं.

चष्मेवाल्याला चहा दिलाय आणि पत्र उघडून वाचू नको म्हणून दम भरलाय.

थोरली

१७ मार्च

जाऊबाई,

रंग दिला होता. निळा. बोटीला दोन हात दिले आणि डब्यात थोडा उरला म्हणून इंजिनाची टाकी, झाकण, जे समोर दिसेल ते रंगवलं. झाकण तर इतकं चकचकीत झालं होतं की मी ते रोज फडक्याने पुसायचे.

पोती भरून निघाले. अर्ध्या तळ्यात धापा लागल्या आणि बंद पडलं. मी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. झाकण सैल केलं आणि इतका वेळ कोणी श्वास धरून बसावं तसा 'फुस्स' आवाज आला. झाकण लावलं, एकदाच दोरी ओढली, इंजिन सुरू. जाऊबाई, मी पोत्यांच्या मध्ये बसून एकटी हसत सुटले. काठावर मास्तरीणबाई उभ्या होत्या, त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. घरी सुईने उकरलं तर मोहरीएवढी निळी खपली निघाली. एवढ्याशा खपलीने माझ्या नाकी नऊ आणले होते. मग दोन दिवस फेऱ्या मारल्या, गळ्यापर्यंत टाकी, वाऱ्यात, उन्हात. एकदाही बंद पडलं नाही.

१५ तारखेला पलीकडे गेले. सुतार म्हणाले, बोलणं नंतर, आधी बसतो. ते बसले, मुलांच्या आया बसल्या, ती लव्हाळ्यात रडलेली लहानगी आईच्या मांडीवर बसली. सुतारांनी स्वतः टाकी भरून घेतली आणि वल्ही आपल्या पायाखाली धरली. तळ्याच्या मध्यावर सगळे इंजिनाकडे बघायला लागले. धापा लागतात का म्हणून मी कान लावून होते. मध्य गेला. इकडचा काठ आला, वळसा घालून परत निघालो, पुन्हा मध्य गेला. तेव्हा त्या लहानगीने आईला विचारलं, 'आज का नाही रुसली?' आणि सगळ्या बायका एकदम हसल्या. सुतारांनी वल्ही बाजूला ठेवली. मुलं माझ्याकडेच राहिली, जाऊबाई. कालपासून येतात.

उतरताना सुतारांनी विचारलं, मिस्त्री कुठला आणलात? मी तुम्हाला न विचारता सांगून टाकलं. म्हटलं, मिस्त्री नाही, माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि त्यांनी हे इंजिन बघितलेलंही नाही. चष्मेवाला शेजारी होता. तोही तोंड उघडून बघत राहिला, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. सुतारांनी टाकीचं झाकण काढून त्याचं भोक उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "माझा जनरेटर दोन वर्षं पडून आहे. त्यांना विचाराल का, येतील का?"

विचारते. येता का? भाऊजींनाही आणा. बोटीत खुर्ची बसते, मी मापून पाहिली. तुम्ही पाण्याला घाबरता हे लक्षात आहे, मधोमध बसवीन. तुमच्या धाकट्या दिरांनाही सगळं कळवलं आहे. घरात मी सगळ्यात जास्त कोणाला मानते तेही त्यांना लिहिलं. आता तो मान भाऊजींचा नाही, आणि भाऊजींना याचा राग येणार नाही अशी माझी खात्री आहे.

धाकटी

२३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र काल यांना वाचून दाखवलं. बोट सुखरूप पार झाली तिथपर्यंत ठीक वाचलं, पुढचं मला नीट वाचता येईना. थांबत थांबत वाचलं. हे डोळे मिटून होते, म्हणजे पटत होतं. तू शेवटी लिहिलं आहेस ते गाळणार होते, पण गाळलं नाही.

आज सकाळी एक जण गवत कापायचं मशीन घेऊन आला. नवीन माणूस, यांचं नाव ऐकून आलेला. मी पुढे झाले तर मला ओलांडून सरळ यांच्या खुर्चीपाशी गेला, मशीन पायाशी ठेवलं आणि म्हणाला, "मिस्त्री, सारखं बंद पडतं, जरा बघा." मी नेहमीचं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

त्या माणसाला कळेना. तो यांच्याकडे बघून हसला आणि पुन्हा तेच सांगायला लागला. यांनी बोट खाली घेतलं नाही. कपाळावर घाम आला, तरी घेतलं नाही. शेवटी त्याने मशीन उचललं, चार पावलं चालत आला आणि माझ्यापुढे ठेवलं. मग यांनी हात मांडीवर टेकवला.

मी त्याला विचारलं, धापा टाकत बंद पडतं की एकदम?

थोरली